बंद कपाटातला ॲम्प्लिफायर आणि हातातला रिमोट

गोव्यात पोर्वरी, मडगाव, फोंडा, कुठेही नवा फ्लॅट सजवायला घेतला की एक अट ठरलेली असते: टीव्हीखाली वायरींचा गुंता दिसता कामा नये. अट रास्त आहे. मग सेट-टॉप बॉक्स, ॲम्प्लिफायर, ब्लू-रे प्लेअर असं सगळं कपाटात जातं, दार लागतं, खोली सुंदर दिसते. संध्याकाळी आजी मालिका लावायला बसते, बटण दाबते आणि काहीच होत नाही. मग कपाटाचं दार उघडं टाकलं जातं आणि पुढे ते उघडंच राहतं. ज्यासाठी सुतारमेस्तांना एवढे पैसे दिले, तेच फुकट जातं.

यावर उपाय आहे. तो जुना आहे, स्वस्त आहे आणि भरवशाचा आहे. पण त्याआधी रिमोट नेमकं काय करतो हे समजून घ्यायला हवं, नाहीतर माणूस दुकानात जाऊन भलतंच महागडं उपकरण घेऊन येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: घरातल्या वयस्कर माणसाच्या हातातला ओळखीचा रिमोट बदलावा लागता कामा नये. यंत्रं लपवायची हौस आपली आहे. तिच्यापायी त्यांनी ॲप शिकत बसावं हे मला पटत नाही. पुढचा सगळा लेख याच बाजूने लिहिलेला आहे.

रिमोटमधून निघतो तो प्रकाशच

रिमोटच्या पुढच्या टोकाला एक बारीक एलईडी असतो. बटण दाबलं की तो लुकलुकतो, फक्त आपल्याला दिसत नाही. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत. रिमोटचा प्रकाश बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा. या अदृश्य भागाचा शोध विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली लावला. सूर्यप्रकाश लोलकातून फोडून तो एकेका रंगाखाली तापमापक ठेवत होता. तांबड्या रंगाच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. त्यालाच आपण इन्फ्रारेड किंवा अवरक्त किरण म्हणतो.

हे घरबसल्या पाहता येतं. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून पुढचाच वापरा. ही युक्ती लक्षात ठेवा. लपवलेल्या यंत्रांच्या बाबतीत कुठलीही अडचण आली तरी तपासणीची सुरुवात इथूनच होते.

आता प्रकाश म्हटला की त्याचे गुणदोष आले. तो सरळ रेषेत जातो. काचेतून जातो, लाकडातून जात नाही. चुना मारलेल्या पांढऱ्या भिंतीवरून तो परततो, म्हणून कधीकधी रिमोट उलट्या दिशेला धरूनही टीव्ही चालू होतो. प्लायवूड, सनमायका, पत्रा, जांभ्याचा चिरा यांच्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. कपाटाचं दार लागलं की रिमोट मुका होतो तो एवढ्याचसाठी. यंत्र बिघडलेलं नसतं आणि बॅटरीही संपलेली नसते.

मग उन्हाने टीव्ही का चालू होत नाही?

हा प्रश्न शहाणा आहे. कारण सूर्याच्या प्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो आणि गोव्यात सूर्याला काही तोटा नाही.

हा त्रास एकेकाळी खरोखर होत असे. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने फ्लॅश-मॅटिक नावाचा बिनतारी रिमोट काढला. युजीन पॉली या अभियंत्याचं ते काम. त्यातून साधा दिसणारा प्रकाशझोत निघायचा. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे घटक होते. ज्या कोपऱ्यावर झोत मारावा ते काम व्हायचं. पण खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायला लागायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीत रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून आवाजाचा मार्ग धरला: बटण दाबलं की रिमोटमधल्या ॲल्युमिनियमच्या दांडीवर छोटी हातोडी आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा उंच स्वर निघायचा. त्या रिमोटला बॅटरीच लागत नसे. ध्वनीवर चालणारे रिमोट बरीच वर्षं चालले. इन्फ्रारेडने १९८० च्या दशकात सगळीकडे जागा घेतली, आणि ती घेता आली कारण उन्हाचा प्रश्न तोपर्यंत सुटला होता.

तो सुटला असा. रिमोटचा एलईडी नुसता पेटत नाही, तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो. उन्हात अशी उघडझाप नसते, ते एकसारखं पडतं. यंत्राच्या पुढच्या काळपट काचेमागे जो तीन पायांचा छोटा घटक बसवलेला असतो, तो या विशिष्ट गतीची उघडझाप तेवढी निवडतो आणि बाकीचा सगळा प्रकाश सोडून देतो. शांतादुर्गेच्या जत्रेत कितीही गोंगाट असला तरी आपल्या पोराने घेतलेल्या पिपाणीचा सूर आईला गर्दीतून बरोबर ऐकू येतो, तसंच काहीसं हे आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा सूर्यप्रकाश हवेतली वाफ बऱ्यापैकी शोषून घेते, त्यामुळे जमिनीवर पोचेपर्यंत त्या पट्ट्यातलं ऊन बरंच क्षीण झालेलं असतं. ज्या दमटपणाला आपण वर्षभर शिव्या घालतो, तो इथे आपल्या रिमोटची वाट मोकळी करतो.

उघडझापीच्या या लाटेवर मग संदेश बसवला जातो. जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत खूप ठिकाणी वापरतात, तिचं उदाहरण घेऊ. आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग साडेचार मिलिसेकंदांचा अंधार. हा झाला 'लक्ष द्या' असा इशारा. त्यानंतर ३२ छोटे झोत येतात. दोन झोतांमधलं अंतर कमी असेल तर शून्य, जास्त असेल तर एक. या ३२ अंकांत यंत्राचा पत्ता असतो आणि आज्ञा असते. दोन्ही पुन्हा एकदा उलट करून पाठवलेली असतात, म्हणजे मध्ये काही चुकलं तर यंत्राला कळतं. सगळा मामला सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात संपतो. सोनीची पद्धत वेगळी आहे, तिची गती ४०,००० ची. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६,००० वर चालते. म्हणून एका कंपनीचा रिमोट दुसऱ्याच्या टीव्हीला चालत नाही आणि एकाच खोलीत चार रिमोट सुखाने नांदतात.

एसीचा रिमोट मात्र वेगळ्या जातीचा. टीव्हीचा रिमोट 'आवाज एक पायरी वाढव' एवढंच सांगतो. एसीचा रिमोट दर वेळी अख्खी परिस्थिती सांगतो: चालू, कूलिंग, २४ अंश, पंखा मध्यम. म्हणूनच त्याच्यावर छोटा पडदा असतो आणि म्हणूनच कधीकधी रिमोटवर २४ दिसतं पण एसी २० वर चालत असतो. मधला एखादा संदेश पोचलेला नसतो आणि एसीकडून उलट उत्तर यायची सोय नसते. इन्फ्रारेड रिमोट एकतर्फी बोलतो. ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

डोळा बाहेर, दिवा आत

एकदा हे कळलं की उपाय आपोआप सुचतो. प्रकाश दारातून जात नाही ना? मग दाराबाहेर तो टिपायचा, वायरीतून आत न्यायचा आणि आत पुन्हा प्रकाश करून यंत्रावर टाकायचा. या साधनाला आयआर (म्हणजे इन्फ्रारेड) रिपीटर म्हणतात. त्याचे तीन भाग असतात.

पहिला भाग डोळा. हा शेंगदाण्याएवढा किंवा थोडा मोठा असतो आणि टीव्हीच्या कडेला, कपाटाच्या चौकटीत किंवा भिंतीत बसतो. दुसरा भाग पेटी, जी संदेश घेऊन त्याला जोर देते आणि चार-सहा वाटांनी पुढे पाठवते. तिला छोटा ॲडॅप्टर लागतो, बहुधा १२ व्होल्टचा, किंवा यूएसबीचे ५ व्होल्ट. तिसरा भाग एमिटर, म्हणजे वायरीच्या टोकाला असलेले बारीक एलईडी. एकेक एमिटर एकेका यंत्राच्या दर्शनी भागावर, नेमका त्याच्या इन्फ्रारेड खिडकीवर चिकटवायचा.

आजीचा रिमोट तोच राहतो. तिने रिमोट टीव्हीकडे धरायचा, बटण दाबायचं, कपाटातला बॉक्स हलतो. तिला यातलं काहीही माहीत असायची गरज नाही.

आता बसवताना जिथे हमखास घोळ होतो त्या जागा जरा सविस्तर सांगतो.

एमिटर कुठे चिकटवायचा? यंत्राच्या पुढच्या काळ्या काचेमागे इन्फ्रारेड खिडकी कुठेतरी एका कोपऱ्यात असते आणि ती पटकन दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून पाहिलं की काळ्या काचेमागे बारीक गोल किंवा चौकोनी भाग दिसतो. नाहीच दिसला तर रिमोट अगदी जवळ आणून, त्याच्या टोकावर कागदाची नळी करून, काचेवर हळूहळू सरकवत बटण दाबत राहा. जिथे यंत्र प्रतिसाद देईल ती जागा. चिकटवण्याआधी तो भाग स्पिरिटने पुसून कोरडा करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे दुहेरी टेपचा डिंक सैल पडतो, एमिटर अर्धा सेंटिमीटर खाली घसरतो आणि रिमोट बंद पडल्याची बोंब होते. पावसाळ्यात तक्रार आली तर मी आधी हेच पाहायला सांगतो.

डोळा कुठे ठेवायचा? बाल्कनीच्या समोर नको. विशेषतः पश्चिमेकडे उघडणाऱ्या दिवाणखान्यात संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यात गेलं तर तो दिपतो. उघडझाप ओळखायची सोय असली तरी प्रखर उन्हात आतला घटक इतका भरून जातो की त्यात रिमोटचा क्षीण प्रकाश हरवतो. दुपारी चालतो, सहा वाजता चालत नाही, रात्री पुन्हा चालतो, अशी तक्रार ऐकली की उन्हाची दिशा पाहा.

दुसरा शत्रू घरातले दिवे. सीएफएल आणि स्वस्तातले एलईडी दिवे आतून वेगाने लुकलुकत असतात, काही टीव्हींचा पडदाही तसाच. ती गती रिमोटच्या गतीच्या जवळपास आली की डोळा फसतो. बऱ्याच डोळ्यांवर एक छोटा दर्शक दिवा असतो, तो बटण दाबल्यावर लुकलुकायला हवा. कोणी काही दाबलेलं नसताना तो सारखा थरथरत असेल तर खोलीतले दिवे एकेक करून बंद करा, गुन्हेगार सापडतो. चवथीला मखराभोवती लावलेल्या रंगीत एलईडी माळांनीही हे होऊ शकतं. माळ दोन हात बाजूला सरकवली तरी पुरतं.

तिसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. आतल्या एमिटरचा प्रकाश बाहेरच्या डोळ्याला दिसता कामा नये. दिसला तर डोळा तोच संदेश पुन्हा टिपतो, पेटी तो पुन्हा आत पाठवते आणि चक्र सुरू होतं. कपाटाला काचेचं दार असेल तर हा धोका जास्त. तसंच एखाद्या यंत्राला रिमोटचा प्रकाश काचेतून थेटही मिळतो आणि एमिटरमधूनही मिळतो, तेव्हा दोन संदेश एकमेकांवर पडून गोंधळ होऊ शकतो. यंत्र कधी ऐकतं, कधी ऐकत नाही. अशा वेळी एमिटरवर काळ्या टेपचा तुकडा लावून बाहेरचा प्रकाश अडवावा. एकाच कंपनीचे दोन बॉक्स एकाच कपाटात असतील तरी असंच एकेकाला झाकून वेगळं करावं लागतं.

काचेच्या दाराबद्दल आणखी एक. दार गडद ॲक्रिलिकचं किंवा साध्या रंगीत काचेचं असेल तर कदाचित तुम्हाला रिपीटर लागणारच नाही. डोळ्यांना जवळजवळ काळं दिसणारं पुष्कळसं ॲक्रिलिक इन्फ्रारेड सहज पार करतं. स्पीकरवर ताणतात तसलं विरळ कापडही चालतं. उष्णता परतवणाऱ्या चकचकीत लेपाची काच मात्र अडवू शकते. मेस्तांना ऑर्डर द्यायच्या आधी दुकानातल्या नमुन्याच्या तुकड्यामागे रिमोट धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. ठिपका दिसला की झालं.

वायर कुठून न्यायची

नवं बांधकाम असेल तर एकच सांगणं आहे: गिलावा व्हायच्या आधी टीव्हीमागून कपाटापर्यंत एक रिकामा पीव्हीसी पाइप टाकून ठेवा, शक्य असेल तर दोन. पाइपमध्ये आज काय जाईल याची काळजी नको. टीव्हीला चित्र आणि आवाज पोचवणाऱ्या एचडीएमआयच्या वायरी दर काही वर्षांनी बदलतात, डोळ्याची वायर बदलत नाही, पण पाइप असला की दोन्ही ओढता येतात. त्यात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा आणि वळणं गोलाईची ठेवा, काटकोनात वायर अडकते.

हा पाइप विजेच्या पाइपपासून वेगळा हवा. २३० व्होल्टची वायर आणि रिमोटची बारीक वायर एकाच पाइपमध्ये घालू नयेत. त्यात धोका आहे आणि संदेशात खरखरही शिरते. वायरमन घाईत असतो, तो 'एकातच जाईल' म्हणेल. इथे मात्र अडून राहा.

जुन्या कौलारू घरांचं वेगळं. डिचोली, साखळी, पेडणे या बाजूला दीड-दोन फूट जाडीच्या जांभ्याच्या भिंती आहेत, वर मातीचा किंवा चुन्याचा गिलावा. अशा भिंतीत खाच मारायला मी कधीच सांगणार नाही. एकदा गिलावा हलला की तो पुन्हा तसा बसत नाही, आणि चार महिने पाऊस खाऊन जांभा आतून ओला राहतो तो वायरीलाही बरा नाही. अशा घरात वायर दाराच्या चौकटीच्या मागून किंवा वाशांच्या आडोशाने न्यावी. वाशांवरून नेताना तिला पाइपमध्येच घाला, कारण कौलांखाली उंदरांचं राज्य असतं.

अंतर जास्त असेल तर नेटवर्कची कॅट-६ वायर वापरता येते. डोळ्याला तीन तारा लागतात: वीज, परतीची तार आणि संदेश. एमिटरला दोनच. पण वायर वाढवताना कुठली तार कुठे जोडली हे लिहून ठेवा. एका कंपनीचा डोळा दुसऱ्या कंपनीच्या पेटीला लावू नका, जॅक सारखा दिसला तरी आतली जोडणी आणि व्होल्टेज वेगळं असू शकतं आणि डोळा जळतो. यंत्रं दुसऱ्याच खोलीत असतील तर चित्र न्यायला एचडीएमआय एक्सटेंडर लागतो, आणि त्यातल्या बऱ्याच संचांत रिमोटचा संदेश उलट दिशेने नेण्याची सोय असतेच. तो घ्यायचा असेल तर वेगळा रिपीटर घेऊ नका.

पेटीला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून देण्याचा मोह होतो. बहुतेक टीव्ही बंद झाले की त्यांचं यूएसबीही बंद होतं आणि मग टीव्ही बंद असताना कपाटातला बॉक्स बंद करता येत नाही. पेटीला स्वतःचा ॲडॅप्टर द्या.

बाकीचे मार्ग

काही विकत घेण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीएमआय-सीईसी चालू आहे का ते पाहा. एचडीएमआय वायरीतच एक तार यंत्रांनी आपापसात बोलण्यासाठी राखलेली आहे. टीव्हीला मिळालेला आवाजाचा आदेश त्या तारेवरून कपाटातल्या ॲम्प्लिफायरला जातो. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. वस्तू तीच. कित्येक टीव्हींत ही सोय बंद असते म्हणून कोणाला ठाऊक नसते. फुकटात काम होत असेल तर ते आधी करून पाहावं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं असली की ती कधी नीट बोलतात, कधी नाही, म्हणून फक्त तिच्यावर विसंबणं मला जोखमीचं वाटतं.

ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकसारखी साधनं रेडिओलहरींवर चालतात, त्यांना दाराची अडचण नाही. ती टीव्हीमागे लपवली तरी चालतात.

रेडिओ रिपीटरही मिळतात: एक भाग इन्फ्रारेड टिपतो, ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर पाठवतो, दुसरा भाग पुन्हा इन्फ्रारेड करतो. वायर ओढणं शक्यच नाही अशा भाड्याच्या घरात ते कामाचे.

मग वाय-फायवर चालणारे आयआर ब्लास्टर. ते रिमोटचे संदेश शिकून घेतात आणि मोबाइलवरून पाठवतात. एसी बाहेरून चालू करायला ते उत्तम आहेत. पण कपाटातल्या यंत्रांसाठी मी त्यांना शेवटचा नंबर देतो. एक म्हणजे मोबाइल हातात घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे जाड, ओल्या चिऱ्यांच्या भिंतीपलीकडे वाय-फाय आधीच लंगडतं. तिसरं, पावसाळ्यात वीज गेली-आली की राउटर पुन्हा उभा राहीपर्यंत थांबा, आणि त्यातल्या काहींना इंटरनेटही लागतं. चौथं कारण वर आलेलंच आहे, इन्फ्रारेड एकतर्फी बोलतो. रिमोटवरचं चालू-बंद बटण बहुधा एकच असतं, 'असेल त्याच्या उलट कर' असं सांगणारं. मोबाइलला वाटतं टीव्ही बंद आहे, तो खरं तर चालू असतो, आणि 'सिनेमा सुरू' असं बटण दाबल्यावर ॲम्प्लिफायर चालू होतो पण टीव्ही बंद होतो. काही यंत्रांना 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे संदेशही समजतात, जे मूळ रिमोटवर नसतात. ते मिळाले तर ही अडचण सुटते.

कपाटात हवा खेळली पाहिजे

रिमोटचा प्रश्न सुटला की लोक समाधानाने दार लावतात आणि खरी इजा तिथून सुरू होते. मोठ्या ॲम्प्लिफायरची बरीचशी वीज उष्णतेत जाते. त्याच्या वरच्या जाळीवर दुसरा बॉक्स ठेवणं, वर्तमानपत्र पसरणं, दोन्ही चुकीचं. कपाटाच्या तळाशी आणि माथ्याशी, दोन्हीकडे भोकं हवीत, म्हणजे गार हवा खालून येते आणि गरम हवा वरून निघते. नुसती मागे भोकं पाडून भागत नाही, कारण मागे भिंत असते. जागा तोकडी असेल तर संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा माथ्याच्या भोकावर बसवा.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो नैऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिम किंवा दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, आतली भिंत निवडा. तसं शक्य नसेल तर चार बोटं फट ठेवा. किनाऱ्याजवळच्या घरांत हवेत मीठही असतं, ते जॅकच्या पितळेवर हिरवट थर चढवतं. पावसाळा संपला की सगळे जॅक एकदा काढून घालावेत, तेवढ्यानेही संपर्क साफ होतो. यंत्रं दिवसातून थोडा वेळ तरी चालवावीत, त्यांची स्वतःची ऊब ओल बाहेर काढते.

मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात लांब वायरी विजेचा धक्का ओढून घेतात. ढग दिसले की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवावा, आणि सेट-टॉप बॉक्सला येणारी डिशची वायरही.

पुष्कळ घरं पावसाळ्यात बंद असतात, माणसं मुंबईला नाहीतर परदेशी. जाताना रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून ठेवा. त्या फुटून आतली स्प्रिंग खाऊन टाकतात आणि मग जुना, हाताला सवयीचा रिमोट फेकून द्यावा लागतो. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: कुठली वायर कुठून कुठे, कुठला एमिटर कुठल्या यंत्राचा, पाइप भिंतीत किती उंचीवरून गेला आहे. गिलाव्याआधीचे पाइपचे फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या, म्हणजे पुढे चित्र टांगायला ड्रिल मारताना वायर वाचेल.